भाड्याची आख्खी इमारत विकत घेण्याआधी काय काय तपासायचं

चाकण, हिंजवडी, वाळूज, सातपूर अशा पट्ट्यांत आणि मोठ्या कॉलेजांच्या मागच्या गल्ल्यांत तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. आठ-दहा वन आरके, एखाद-दोन वन बीएचके, सगळे भाड्याने दिलेले आणि मालक एकच. निवृत्तीचे पैसे हातात आले, गावाकडची जमीन विकली किंवा परदेशातल्या मुलाने रक्कम पाठवली की अनेकांची नजर अशा इमारतीकडे वळते. एजंट भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "सर, महिन्याला सत्तर हजार भाडं चालू आहे."

सोसायटीतला एक फ्लॅट घेणं आणि आख्खी इमारत घेणं यांत मोठा फरक आहे. फ्लॅटच्या बाबतीत गच्ची गळली तर खर्च सगळ्यांत वाटला जातो. इथे पाया, खांब, गच्ची, टाकी, ड्रेनेज आणि जिन्यातला दिवासुद्धा तुमचा. शिवाय आत दहा कुटुंबं राहत असतात. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसं गेली. ती काही जुनी, मोडकळीला आलेली इमारत नव्हती. म्हणून खाली लिहिलेल्या तपासण्या पैशाइतक्याच माणसांच्या जिवासाठीही आहेत, असं समजून करा.

पहिलं काम: मंजूर नकाशा मिळवा

भाड्याचा तक्ता, फोटो, व्हिडिओ हे सगळं नंतर. आधी बांधकामाचा मंजूर नकाशा मागा. महापालिका, नगरपालिका किंवा त्या भागाचं विकास प्राधिकरण, ज्यांच्या हद्दीत इमारत आहे त्यांचा शिक्का आणि परवानगी क्रमांक त्यावर असतो. सोबत बांधकाम परवानगीचं पत्र, जोता (पायावरचा चौथरा) तपासणीचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी, हवं. हे चार कागद एका फाइलमध्ये नीट लावलेले मिळाले तर पुढे बघण्यात अर्थ आहे.

"नकाशा आहे, पण सापडत नाहीये" असं उत्तर बरेचदा येतं. परवानगी क्रमांक तरी मागा. तो मिळाला की माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून त्या कार्यालयाकडून साक्षांकित प्रत मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तेवढं थांबायला विकणारा तयार नसेल तर घाई कशाची आहे, हे त्याला स्पष्ट विचारा.

घरपट्टीची पावती दाखवून "सगळं लीगल आहे" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. घरपट्टी ही अनधिकृत बांधकामालाही लागते, काही ठिकाणी तर दंडासह लागते. पावतीमुळे बांधकाम नियमित होत नाही. वीजमीटरचंही तसंच. गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरच्या इमारतीचं प्रकरण आणखी वेगळं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमित होण्याची वाट मिळाली, पण ती अर्ज करून, शुल्क भरून आणि अटींत बसलं तरच. "होऊन जाईल" या शब्दावर जाऊ नका. नियमितीकरणाचं प्रमाणपत्र हातात आहे की नाही, एवढंच बघा.

जमिनीचे कागद

हे काम वकिलाचं, पण त्याला काय विचारायचं ते तुम्हाला माहीत हवं. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिनशेती आदेश, मोजणीचा नकाशा, झोन दाखला आणि किमान ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे गोषवारे, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः चाळता येतात, एक संध्याकाळ त्याला द्या. इमारतीतला एखादा फ्लॅट आधीच कुणाला करार करून विकलेला असेल तर तो बहुधा तिथेच सापडतो.

जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या बघा. हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, सगळ्या वारसांचं आहे का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वकिलाकडून वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. विकणारा नोटीस द्यायला नको म्हणत असेल, तर मी तरी तो व्यवहार सोडून द्यायला सांगेन.

झोन दाखल्यावर रस्तारुंदी किंवा आरक्षण आहे का ते कळतं. नदी-ओढ्याजवळची जागा असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. कोल्हापूर-सांगलीकरांना २०१९ नंतर आणि पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या लोकांना जुलै २०२४ नंतर हे वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही बाहेरगावचे असाल तर समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा: "पाणी कुठवर आलं होतं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

नकाशा हातात घेऊन फिरा

आता इमारतीवर जा. सोबत मंजूर नकाशाची मोठी प्रत, ३० मीटरचा टेप, चांगला टॉर्च, छोटी हातोडी आणि एक माणूस घ्या. जमलं तर पावसाळ्यात जा. जुलै-ऑगस्टमध्ये सलग पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी जी इमारत दिसते ती खरी. उन्हाळ्यात ताजा रंग मारलेली इमारत पाहून सौदा करायचा असेल तर तपासणी दुप्पट कसून करा.

सामासिक अंतर आधी मोजा, म्हणजे इमारतीच्या चारही बाजूंना सोडलेली जागा. नकाशात बाजूला तीन मीटर दाखवलेत आणि जागेवर दीड मीटर भरतंय, असं वारंवार दिसतं. मग तळमजला. नकाशात पार्किंग आहे आणि प्रत्यक्षात तिथे दोन खोल्या आणि एक दुकान आहे, हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्या दोन खोल्यांचं आणि दुकानाचं भाडं एजंटच्या सत्तर हजारांत धरलेलं असतं. उद्या नोटीस आली की ते भाडं जाईल आणि पाडण्याचा खर्च तुमच्या माथी येईल. म्हणून नकाशात नसलेल्या प्रत्येक खोलीवर लाल पेनाने फुली मारा आणि तिचं भाडं शून्य धरा.

मजले मोजा. तीन मजल्यांची परवानगी आणि चार मजले उभे, म्हणजे पाया आणि खांब तीन मजल्यांच्या हिशोबाने केलेले आणि ओझं चार मजल्यांचं. गच्चीवर पत्र्याची खोली आणि जादा टाकी असेल तर ओझं आणखी वाढतं. अशी इमारत स्वस्तात मिळते, आणि स्वस्त मिळण्याचं कारण तेच असतं.

गच्चीवरून खाली या

एजंट तुम्हाला तळमजल्यावरच्या रंगवलेल्या रिकाम्या फ्लॅटपासून सुरुवात करायला लावेल. तुम्ही सरळ गच्चीवर जा आणि वरून खाली या. पाणी वरून खाली येतं, त्यामुळे खालच्या मजल्यावर दिसणाऱ्या ओलीचं कारण वर सापडतं.

गच्चीवर कोबा किंवा चायना मोझॅक आहे का, तडे गेलेत का, ढाळ पन्हळीकडे आहे का हे पाहा. दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जाऊन थांबतं ते बघा. पॅरापेटच्या कोपऱ्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल तर मुळं किती आत गेलीत ते तपासा. टाकीखालचा स्लॅब खालून पाहायला विसरू नका. बारा महिने ओला राहणारा भाग तोच.

खाली येताना प्रत्येक मजल्यावर बाथरूमच्या मागची बाजू, म्हणजे डक्ट, टॉर्चने बघा. शेवाळ, पांढरे क्षार, पाइपच्या जोडावर गुंडाळलेलं कापड, सगळं तिथे दिसतं. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला आत, खालच्या फूटभर भागात पोपडे आलेत का पाहा. कपाट किंवा फ्लेक्स लावून झाकलेला कोपरा दिसला तर तो सरकवून दाखवायला नम्रपणे सांगा. भाडेकरू बाईंना विचारलं तर त्या स्वतःच दाखवतात: "अहो, इथून पावसाळ्यात पाणी येतं, मालकांना किती वेळा सांगितलं."

भेगा

भेग दिसली की घाबरायचं नाही आणि "प्लास्टरची आहे हो" हे ऐकून सोडूनही द्यायचं नाही. भेग कुठे आहे आणि कुठल्या दिशेने जाते, यावर सगळं अवलंबून असतं.

प्लास्टरवर जाळीसारख्या केसाएवढ्या बारीक रेषा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली सरळ आडवी भेगही बहुतेक वेळा दोन वेगळ्या साहित्यांच्या जोडाची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी खाली जाणारी भेग मात्र पाया एका बाजूने खचल्याचं लक्षण असू शकते. बीमच्या टोकाशी, खांबाजवळ ४५ अंशांत गेलेली तिरकी भेग ही गंभीर बाब. आणि सर्वांत वाईट म्हणजे खांबावरची उभी भेग, जिच्या कडेने तांबूस डाग उतरलेले असतात.

त्या उभ्या भेगेपाशी थांबा. आतलं लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट बाहेर ढकलतो. भेग सळईला समांतर जाते ती त्यामुळेच. हातोडीने हलके ठोके मारत खांबावर खालून वर जा. धडधाकट काँक्रीट टणक आवाज देतं. आतून सुटलेलं काँक्रीट बद्द, पोकळ आवाज देतं. कुठे आवाज बदलला ते खडूने खूण करत जा. पार्किंगमधल्या खांबांचा खालचा दोन फुटांचा भाग आधी तपासा, कारण जमिनीतली ओल, गाडी धुतलेलं पाणी आणि तुंबलेलं गटार सगळं तिथे पोचतं. तिथे नुकतंच नवीन प्लास्टर किंवा फरशीचं आवरण चढवलेलं दिसलं तर ते कधी आणि का केलं ते विचारा.

इथवरचं तुम्ही स्वतः करू शकता. निर्णय मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, आणि तो तुम्ही नेमलेला हवा. विकणाऱ्याने आणलेला अहवाल फक्त माहितीसाठी वाचा. इंजिनिअर रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाची टणकता बघतो, अल्ट्रासॉनिक चाचणीने आतली पोकळी आणि भेगा शोधतो, शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा तुकडा, काढून प्रयोगशाळेत दाबून बघतो. एक चाचणी तुमच्यासमोरच करायला सांगा: काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फथेलिनचं द्रावण मारायचं. गडद गुलाबी रंग आला तर तेवढ्या आतलं काँक्रीट अजून लोखंडाला सांभाळतंय. रंगच आला नाही आणि सळई त्याच थरात असेल, तर ती गंजायला मोकळी आहे. ३० वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका हद्दीत स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच करून घ्यावं लागतं. पण मी म्हणेन, दहा वर्षांची असली तरी करा. इमारतीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

पाणी आणि मैला

सकाळी पाणी येण्याच्या वेळेला एकदा जाऊन या. नळजोड किती इंची, पाणी किती वेळ येतं, खालची टाकी किती लिटरची, बोअर उन्हाळ्यात चालतो का. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पुरवठ्याचं प्रचलित प्रमाण धरलं, तर दहा फ्लॅट आणि प्रत्येकी चार माणसं म्हणजे ५,४०० लिटर रोज. तेवढं पालिकेचं पाणी येत नसेल तर बाकी टँकर. एप्रिल-मे महिन्यांच्या टँकरच्या पावत्या मागा.

ड्रेनेजचे चेंबर उघडून बघा, झाकण उचलायला माणूस न्या. जोडणी पालिकेच्या वाहिनीला आहे की सेप्टिक टँकला, आणि टँक असेल तर तो शेवटचा कधी उपसला, हे विचारा.

भाडेकरू कोण, भाडं खरं किती

विकणाऱ्याने दिलेला भाड्याचा तक्ता हा त्याचा दावा असतो, पुरावा नव्हे. पुरावा तीन ठिकाणी मिळतो.

एक, नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. दोन, मालकाच्या बँक खात्यात जमा झालेलं भाडं. "सगळं रोखीने घेतो" हे उत्तर असेल तर तो आकडा अर्धाच खरा समजून पुढे चला.

तिसरी जागा फार कमी लोक तपासतात: वीजबिलं. प्रत्येक फ्लॅटचं महावितरणचं ताजं बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो. चार माणसांचं घर महिन्याला साठ-सत्तर युनिट तरी सहज वापरतं. तक्त्यात "वर्षभर भरलेला" लिहिलेल्या फ्लॅटच्या बिलावर सहा महिने शून्य, दोन, तीन असे आकडे असतील तर त्या घरात कुणी राहत नव्हतं. उलट घरगुती मीटरवर तीनशे-चारशे युनिट दिसले तर आत शिवणकामाच्या मशीन किंवा बारा पोरांची मेस चालत असू शकते. विक्रीच्या आधी दोन महिने नातेवाइकांना खोल्यांत बसवून इमारत भरलेली दाखवायचा प्रकारही या बिलांतच उघडा पडतो.

करार नसलेला, वीस-पंचवीस वर्षांपासून जुन्या भाड्याने राहणारा भाडेकरू असेल तर वकिलाला स्वतंत्रपणे दाखवा. तो लायसन्सी (अशा मुदतीच्या करारावर राहणारा) नसून संरक्षित भाडेकरू असेल तर त्याचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता येतं आणि घर रिकामं करून घेणं कोर्टाचं काम आहे. "तुम्ही घ्या, मी त्यांना काढून देतो" हे तोंडी आश्वासन चालणार नाही. आणि माणूस म्हणूनही सांगतो, त्या घरात म्हातारी माणसं असतील तर ते घर कायम त्यांचंच राहणार हे धरून किंमत ठरवा. त्यांना बाहेर काढायच्या बेताने इमारत घेऊ नका.

प्रत्येक भाडेकरूची अनामत किती आहे ते त्याच्याकडूनच विचारून लिहून घ्या. दहा जणांचे प्रत्येकी तीस हजार म्हणजे तीन लाख रुपये. उद्या ते परत तुम्हालाच द्यायचे आहेत, म्हणून किमतीतून वजा व्हायला हवेत.

आकडेमोड

उदाहरण घेऊ. किंमत दोन कोटी, भाडं महिन्याला ७०,००० म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार. एजंट सांगतो, ४.२ टक्के परतावा.

आता वर्षातला एक महिना खोल्या रिकाम्या धरा, ७०,००० गेले. घरपट्टी ६०,००० धरा. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला नसते. पाणी, पंप, जिन्यातले दिवे मिळून ९६,०००. साफसफाई ६०,०००. किरकोळ दुरुस्ती ८०,०००. करार आणि दलाली ३०,०००. हातात उरले ४ लाख ४४ हजार. खरेदीचा खर्चही धरा: पुणे शहरात मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे १४ लाख आणि नोंदणी फी ३०,०००. दोन कोटी चौदा लाख तीस हजारांवर चार लाख चव्वेचाळीस हजार, म्हणजे जेमतेम दोन टक्के. नकाशात नसलेल्या खोल्यांचं भाडं काढून टाकलंत तर त्याहून कमी.

मग लोक घेतात कशाला? जमिनीसाठी. दोन कोटींतला मोठा भाग जमिनीचा असतो आणि वाढते तीच. इमारत दरवर्षी जुनी होत जाते. त्यामुळे आर्किटेक्टला बसवून प्लॉटवर किती चटईक्षेत्र (नियमानुसार बांधता येणारं क्षेत्र) शिल्लक आहे ते काढून घ्या, समोरचा रस्ता किती मीटरचा आहे ते नोंदवा. जमिनीचा कागद निर्मळ असेल तर भाड्याच्या दोन टक्क्यांवर थांबायला हरकत नाही. कागद अडकलेला असेल तर पाच टक्के भाडंही मी घेणार नाही.

दुरुस्तीचा इंजिनिअरने दिलेला अंदाज, परत द्यायच्या अनामती आणि फुली मारलेल्या खोल्या पाडण्याचा खर्च, या तीन रकमा बोलणीच्या वेळी कागदावर मांडा. आरडाओरड न करता किंमत खाली येते.

विसार देताना

टोकन म्हणून रोख रक्कम देऊ नका. विसार चेकने द्या आणि साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदणीकृत करा. त्यात अटी स्पष्ट लिहा: जाहीर नोटिशीला हरकत आली तर विसार परत, बँकेचा बोजा असेल तर खरेदीखताआधी फेडून दाखला द्यायचा, घरपट्टी, पाणीपट्टी आणि सगळ्या मीटरची थकबाकी विकणाऱ्याने भरायची, रिकामे फ्लॅट रिकामेच ताब्यात द्यायचे. किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असली की एक टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही त्यात येऊ द्या.

खरेदीखताच्या दिवशी विकणाऱ्याकडून प्रत्येक भाडेकरूच्या नावे सहीचं पत्र घ्या, की इमारत विकली आहे, इथून पुढे भाडं नवीन मालकाला द्यावं आणि अनामतीची अमुक रक्कम त्यांच्याकडे वर्ग केली आहे. त्याच संध्याकाळी जुन्या मालकांना सोबत घेऊन दारोदार जा, पत्र द्या, पोच घ्या आणि प्रत्येक घरातलं गळतं, तुटकं काय आहे ते वहीत लिहून घ्या. गच्चीचं काम पावसाच्या आधी लावा.